आधी अर्ज, मग बाजार

जून 2025 मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी मिळतीजुळती पादत्राणे मांडली आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना संताप उसळला. कंपनीने मूळ भारतीय प्रेरणा मान्य केली. याचिकाकर्ते भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत धारक नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर यांच्याशी कंपनीचा करारही झाला. या गदारोळात एक प्रश्न मात्र मागे पडला. निपाणी तालुक्यातील बोरगावसारख्या गावात उद्या एखाद्या कारागिराने चपलेचा सर्वस्वी नवा घाट घडवला, तर त्याचे रक्षण कोण करणार?

भौगोलिक मानांकन ते करणार नाही. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे. ते नाव आणि परंपरा जपते. एका व्यक्तीची नवी कल्पना नव्हे. वस्तूचा आकार, नक्षी, अलंकरण किंवा रंगरेषांची मांडणी नवी असेल, तर तिला आधार 2000 च्या डिझाईन कायद्याचा. नोंदणी झाल्यास दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे तिच्यावर निर्मात्याचा एकाधिकार राहतो.

खरी मेख वेळेची आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी ते डिझाईन भारतात किंवा जगात कोठेही छापून वा वापरातून लोकांसमोर आलेले असेल, तर चौथ्या कलमानुसार त्याची नोंदणी होत नाही. ते खुद्द निर्मात्यानेच उघड केले असले, तरी सहसा सवलत नाही. अनवधानाने नोंदणी झालीच, तर पुढे ती रद्द होऊ शकते. बोरगावच्या परिसरात इचलकरंजीचे माग आहेत, हुपरीचे चांदीकाम आहे आणि निपाणी-अथणीकडील चप्पल व्यवसाय आहे. छोट्या उद्योगांची रीत ठरलेली असते: आधी नमुना बाजारात दाखवायचा, मोबाईलवरून छायाचित्रे फिरवायची, मागणी आली की मग कागदपत्रांचे बघायचे. नेमक्या याच क्रमाने हक्क हातचा जातो.

कायद्याने काही पळवाटा नव्हे, पण चिंचोळ्या वाटा ठेवल्या आहेत. विश्वासाने, गुप्ततेच्या अटीवर दाखवलेला नमुना उघड झाला असे मानले जात नाही. कापडाच्या नव्या डिझाईनची पहिली गोपनीय मागणी स्वीकारल्यानेही हक्क बुडत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात पूर्वसूचना देऊन वस्तू मांडली, तर सहा महिन्यांत अर्ज करता येतो. गावच्या जत्रेला किंवा आठवडी बाजाराला मात्र ही सवलत नाही.

सरकारी दिरंगाईकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि ते पूर्णपणे चुकीचेही नाही. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनाचा अर्ज 2009 चा. मानांकन प्रत्यक्ष पदरात पडण्यास सुमारे दशक लागले. तथापि डिझाईनच्या बाबतीत कोलकात्याच्या कार्यालयाने वेळ घेतला, तरी नोंदणी अर्जाच्या तारखेपासूनच धरली जाते. कार्यालयातील विलंबाने नकलेविरुद्धचा दावा लांबतो. अर्जापूर्वीच्या विलंबाने दाव्याचा पायाच उरत नाही.

लेखाधिकाराचा आडोसाही पुरत नाही. नोंदणीयोग्य असूनही न नोंदलेले डिझाईन औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा वस्तूंवर उतरले, की त्यावरील लेखाधिकार संपतो. एप्रिल 2025 मध्ये क्रायोगॅस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलाकृती आणि डिझाईन यांतील सीमारेषा ठरवण्याची कसोटी स्पष्ट केली.

युरोपीय संघात निर्मात्याला स्वतः डिझाईन उघड केल्यानंतरही नोंदणीसाठी बारा महिने मिळतात. नोव्हेंबर 2024 मध्ये स्वीकारलेल्या रियाध करारातही तेवढीच मुदत आहे. बाजारात विकून पाहिल्याशिवाय खर्च न परवडणाऱ्या छोट्या कारागिराला अशा मुदतीची गरज सर्वाधिक आहे. मोठ्या कंपनीपाशी वकील आधीच असतात. भारतीय कायद्यात ती मुदत येईपर्यंत लिडकॉम, लिडकर आणि जिल्हा उद्योग केंद्रांनी नमुना प्रदर्शनात जाण्यापूर्वीच अर्ज भरून देण्याची सोय केली पाहिजे. व्यक्तीसाठी अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे. गोव्यातील बांबू, शिंपले आणि मातीकामाच्या कारागिरांनाही हाच नियम लागू आहे. प्राडाने सीमाभागाला जुन्या वारशाची किंमत दाखवली. नव्या कल्पनेची किंमत राखायची, तर अर्जाची तारीख बाजाराच्या तारखेआधीची असावी लागेल.