लगाम की लोड?

नवी गाडी घेतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात: किती देते आणि ऑन-रोड कितीला पडली? आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. क्रूझ आहे का? पहिल्या दोघांची उत्तरं एका आकड्यात आटोपतात, आकडा थोडा इकडेतिकडे करून का होईना. तिसऱ्याचं उत्तर मात्र लांबत जातं. क्रूझ आहे की नाही हे सांगून कुणी थांबत नाही. आपण ते लावतो की नाही, का लावतो, कुठे लावत नाही, असं सगळं पुराण ऐकावं लागतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून हे पुराण ऐकलं तर काही पंथ स्पष्ट दिसतात. पहिला पंथ कट्टर विरोधकांचा. ‘गाडी मी चालवतो, गाडीने मला चालवायचं नाही,’ हे त्यांचं ब्रीद. यांच्या स्टिअरिंगवरची ती बटणं चार वर्षांनीही शोरूममधून आणल्यासारखी कोरी असतात. दुसरा पंथ पैसे वसूल करणाऱ्यांचा. टॉप मॉडेलला जास्तीचे पैसे मोजले आहेत, तेव्हा मोकळा रस्ता दिसला रे दिसला की क्रूझ लावायचं, मग तो सर्व्हिस रोड का असेना. तिसरे ॲव्हरेजवाले. ऐंशीवर क्रूझ लावून ते डॅशबोर्डवरच्या किलोमीटर-प्रति-लिटरच्या आकड्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखं बघत असतात. चौथे हिशेबी. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून ते शंभराच्या रस्त्यावर १०४ लावतात आणि कॅमेऱ्याखालून ताठ मानेने जातात.

शिवाय अमेरिकेतून सुट्टीवर आलेला एखादा पुतण्या असतोच. तिकडे इंटरस्टेटवर तासन्‌तास क्रूझवर गाडी हाकायची त्याला सवय. इकडे येऊन मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर तो मोठ्या उत्साहाने बटण दाबतो, आणि खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत त्याचा अंगठा सेट, कॅन्सल, रिझ्यूम करून दमतो.

यंत्र म्हणून क्रूझ कंट्रोलमध्ये फार गूढ असं काही नाही. ठरवलेला वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतला फरक बघायचा. कमी पडला तर इंजिनाला जास्त खुराक द्यायचा, वाढला तर आखडता हात घ्यायचा. जेम्स वॉटने अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनावर गरगर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्यामागचं तत्त्व हेच होतं. आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला तर ते कुणी समजावून सांगायलाच नको. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगजवळची ती दांडी, हात-ॲक्सिलरेटर, एका जागी लावून ठेवली की जमीन मऊ लागो वा कडक, इंजिनाचे फेरे जवळपास तेवढेच राहतात. पायाने रेस देत दिवसभर कोण नांगरणी करत बसणार?

आमचे भाऊजी जालन्याकडचे. ट्रॅक्टर चालवून हात तयार झालेला. त्यांनी एसयूव्ही घेतली आणि समृद्धी महामार्गावरून नागपूरला जाताना मला शेजारी बसवलं. इंटरचेंजवरून वर चढल्यावर त्यांनी डाव्या-उजव्या आरशात एकदा बघून घेतलं, गाडी शंभरवर आणली, अंगठ्याने बटण दाबलं आणि समाधानाने म्हणाले, ‘झालं. लावली दांडी.’ त्यानंतर थोड्या वेळाने माझी नजर खाली गेली. उजवी चप्पल पेडलपाशी एकटीच पडली होती. पाय तिच्यात नव्हता. तो वर सीटवर आला होता आणि भाऊजी अर्धी मांडी घालून बसले होते.

‘भाऊजी, पाय?’

‘काय करू राह्यला तो तिथं? काम नाही त्याला.’

‘आणि मध्येच कुत्रं आडवं आलं तर?’

यावर ते काही बोलले नाहीत, पण पाय खाली गेला. मेहुण्याने सांगितलं म्हणून लगेच ऐकलं असं दिसू नये, एवढा वेळ मात्र मधे त्यांनी जाऊ दिला. चप्पल सरकवत ब्रेकच्या बाजूला घेतली आणि टाच टेकवून ठेवली.

ट्रॅक्टरची दांडी आणि गाडीचं क्रूझ यांत तत्त्व एकच असलं तरी वेगात मोठा फरक आहे. शेतात चुकलात तर तास वाकडं जाईल. शंभराच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. १२० ला ३३. म्हणजे १२० वर तीन सेकंद डुलकी लागली तर शंभर मीटर रस्ता गाडी डोळे मिटून गेली. मांडीतून पाय सोडवून ब्रेकपर्यंत न्यायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही.

आता जरा या यंत्राच्या जन्माकडे वळू. राल्फ टीटर हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला इंजिनिअर. पाचव्या वर्षी अपघातात त्याची दृष्टी गेली. तरी तो इंजिनिअर झाला, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला. स्वतः गाडी चालवत नसल्यामुळे तो कायम दुसऱ्याच्या शेजारी बसलेला. त्याच्या वकिलाला गाडी चालवताना एक खोड होती, असं सांगतात: बोलताना वेग कमी व्हायचा, ऐकताना वाढायचा. या हिसक्यांना टीटर वैतागला आणि वेग स्थिर ठेवणाऱ्या साधनाच्या मागे लागला. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते साधन आलं.

ही गोष्ट बहुतेक जण इथेच संपवतात. मला त्या पेटंटचं शीर्षक जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होतो: ॲक्सिलरेटर दाबायला विरोध करणारं वेगनियंत्रक साधन. ठरवलेला वेग गाठला की पेडल उलट पायाला ढकलू लागे. ‘बास, ठरलं होतं तेवढं झालं,’ असं तळपायाला कळावं ही मूळ कल्पना. पायाला सुट्टी देण्याचा त्यात विचार नव्हता. पायाला आवर घालण्याचा होता. वेग आपोआप तिथेच अडकवून ठेवण्याची सोय पुढे जोडली गेली आणि लोकांना आवडली ती तीच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा ती पाळायला हे बटण चांगलंच कामाला आलं. पण एव्हाना लगाम म्हणून जन्मलेली वस्तू लोड म्हणून वापरात रुळली होती, पाठीशी घेऊन रेलायला.

पार्किंगमधले सगळे पंथ शेवटी या दोनच बाजूंना जाऊन बसतात. काही जण क्रूझ स्वतःला आवरायला लावतात आणि काही जण रेलायला.

आवरण्याची गरज किती असते हे बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर क्रूझ न लावता गाडी चालवून बघावी. आपण निवांत ९५ ने चाललेलो असतो. मागून एक छोटी हॅचबॅक येते आणि सुळकन पुढे निघून जाते. आपल्याला कसलीही घाई नसते; तरी दोन मिनिटांनी काटा ११० वर असतो. हे कुणी ठरवून करत नाही. शेजारून गेलेल्या गाडीची किंमत, तिच्यावरचं स्टिकर, आपल्या गाडीचा सीसी असलं सगळं गणित पाय परस्पर करून मोकळा होतो. गाणं बदललं की वेग बदलतो, फोनवर साहेबांचा आवाज आला की बदलतो, घर जवळ आलं की तर हमखास वाढतो. क्रूझ लावलेलं असलं की त्या हॅचबॅकवाल्याला जाऊ देणं एकदम सोपं होतं. आपण हरत नाही, कारण आपण शर्यतीत नसतो. वेग ठरला तेव्हा तो माणूस तिथे नव्हताच. डोकं ठिकाणावर असताना घेतलेला निर्णय डोकं तापल्यावरही टिकवून धरणं, हा या बटणाचा खरा उपयोग. गुडघ्याला आराम आणि चार थेंब डिझेलची बचत ही वर मिळालेली दक्षिणा.

बचतीचाही हिशेब सांगून टाकतो, कारण त्यावर वाद फार होतात. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात हवेचा विरोध वाढतो. शंभराचा १२० केला की वेग वीस टक्के वाढला, पण हवेचा विरोध चव्वेचाळीस टक्के. डिझेल वाचतं ते ठरवलेल्या आकड्यामुळे. क्रूझ १३० वर लावून ॲव्हरेजची अपेक्षा धरणाऱ्याला देवच तारो. आणि वेळेचं म्हणाल तर समृद्धीचे सगळे ७०१ किलोमीटर १२० ने न थांबता कापले, तर शंभराच्या तुलनेत एक तास दहा मिनिटं वाचतात. त्यातला बराचसा वेळ चहा, वडापाव आणि पोराबाळांच्या शूशूमध्ये जातोच.

रेलणाऱ्यांची बाजू अवघड आहे, कारण त्यांना रस्त्याचीही साथ मिळते. समृद्धीवर सिग्नल नाही, समोरून कुणी येत नाही, दुचाकी नाही, रस्ता सरळ. माळरान, कठडा, पाटी, पुन्हा माळरान. ‘हायवे हिप्नॉसिस’ हा शब्दप्रयोग मराठी बातम्यांत रुळला तो डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाल्यावरच. डोळे उघडे, पण बघणारा माणूस आत नाही. पाय पेडलवर असतो तेव्हा निदान तो तरी काहीतरी करत असतो. चढ आला, उतार आला, वारा लागला, हे त्याला कळत असतं. क्रूझने तेवढंही काम काढून घेतलं की माणसापाशी फक्त बघणं उरतं, आणि नुसतं बघणं हे फार झोप आणणारं काम आहे. म्हणून ज्याला क्रूझ लावल्यावर हायसं वाटतं, त्याने पुढच्या थांब्यावर उतरून तोंडावर पाणी मारावं. थकवा आला म्हणून क्रूझ लावणं म्हणजे नेमकं उलटं.

नव्या गाड्यांतलं अडासवालं क्रूझ त्याहून हुशार. रडारने पुढच्या गाडीचं अंतर मोजतं, तिच्या वेगाने वेग कमी-जास्त करतं. पण त्याने पुढे सोडलेली सुरक्षित जागा आपल्या रस्त्यावर कुणी रिकामी राहू देत नाही. ‘जागा आहे की!’ म्हणून डावीकडून एक टॅक्सी घुसते. क्रूझ दचकून ब्रेक मारतं. पुन्हा अंतर सोडतं. पुन्हा कुणीतरी घुसतं. अशाने आपली गाडी एक्स्प्रेस-वेवर सगळ्यांना वाट करून देत मागे मागे सरकते, आणि अचानक लागलेल्या ब्रेकमुळे मागचा माणूस हॉर्न वाजवून आपला उद्धार करतो. मग मालक अंतराची सेटिंग सर्वांत कमीवर आणतो किंवा ती सोय कायमची बंद करतो. दोष रडारचा नाही. समोरच्याशी अंतर राखायचं असतं हे त्याला शिकवलं आहे, आपल्याला नाही.

उजव्या लेनचंही तसंच. १०२ वर क्रूझ लावलेला माणूस १०० ने चाललेल्याला ओलांडायला निघतो, आणि दोघं लग्नाच्या वरातीसारखे शेजारी-शेजारी चालत राहतात. मागे रांग लागते. याला विचाराल तर म्हणेल, ‘मी मर्यादेत आहे.’ आहे ना, पण लेन ओलांडण्यासाठी आहे. दोन मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून पुढे हो किंवा मागे राहा. पाय काढला की गाडी ठरलेल्या वेगाला परत येते, बटणाला हातही लावावा लागत नाही. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

गाडी हुशार झाली म्हणून माणूस शहाणा होतो असंही नाही. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की अशी अंतर राखणारी यंत्रणा चालू असताना चालकांनी वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त होती. साधी गोष्ट आहे. आकडा माणूसच टाकतो, आणि यंत्र सांभाळून घेईल असं वाटलं की तो मोठा टाकतो. लगाम हातात देऊनही घोडा उधळवणारे सगळीकडेच आहेत.

यातलं काहीही गाडी ताब्यात देताना सांगितलं जात नाही. शोरूममध्ये पेढे असतात, रिबन असते, मोठ्या किल्लीचा पुठ्ठा हातात धरून सहकुटुंब फोटो असतो. सेल्समन अर्धा तास सनरूफ आणि ब्लूटूथ दाखवतो. क्रूझच्या वाट्याला ‘हे दाबलं की झालं सर’ एवढं वाक्य येतं. पावसात ओल्या रस्त्यावर लावायचं नाही, घाटात लावायचं नाही, उतारावर साधं क्रूझ गाडी धरून ठेवू शकत नाही, हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं आणि मॅन्युअल डिकीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात. रिझ्यूम दाबलं की गाडी मघाच्या आकड्याकडे झेपावते. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागल्यावर ते चुकून दाबलं गेलं, तर समोरच्या बैलगाडीला मघाचा आकडा ११० होता हे कळायची सोय नसते.

तेव्हा पुढची गाडी घ्याल तेव्हा पेढा खाण्याआधी सेल्समनला शेजारी बसवा आणि मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा. क्रूझ लावायला त्याच्याकडून शिकू नका, ते दहा वर्षांच्या नातवालाही येतं. ते ब्रेकने, बटणाने आणि क्लच असेल तर क्लचने कसं सुटतं हे दहादा करून बघा, इतकं की बोलता बोलता जमलं पाहिजे. मग आकडा ठरवा, रस्त्याच्या पाटीवर लिहिलेला किंवा त्याखालचा. आणि पाय ब्रेकपाशीच ठेवा. आमच्या भाऊजींना जमतंय, तुम्हालाही जमेल.