विश्लेषण : होमस्टे किनाऱ्यावर, स्टेशन तीस किलोमीटरवर, गाडी नसलेल्या पाहुण्याने यायचे कसे?

कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत आता होमस्टे आहेत. जाहिरातीत माडांची बाग असते, समुद्र असतो, ओटीवरचा झोपाळा असतो. स्टेशनवरून घरापर्यंत कसे यायचे, एवढे मात्र नसते. चारचाकीवाल्याला तो प्रश्न पडत नाही. पण निवृत्त जोडपी, एकट्या फिरणाऱ्या मुली, गाडी घेतली तर ती लावायला जागा नाही म्हणून न घेतलेली डोंबिवली-विरारची कुटुंबे यांची सुट्टी तिथेच अडते. ‘येवा, कोकण आपलाच असा’ म्हणणे सोपे आहे. येवा, पण कसे, हे सांगण्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची आहे.

स्टेशन गावापासून इतके लांब का?

मालवण, देवगड, वेंगुर्ले, विजयदुर्ग, हर्णै ही गावे बंदरे म्हणून वाढली. मुंबईहून आलेली बोट समोर नांगर टाकी, माणसे पडावात उतरत आणि पडावातून किनाऱ्याला लागत. त्या काळचा पाहुणा गाडीविनाच येई आणि थेट गावाच्या दारात उतरे. रेल्वे आली ती वेगळ्या वाटेने. किनारा खाड्यांनी जागोजागी कापलेला असल्याने कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा आतल्या बाजूने काढला गेला. १९९८ मध्ये तो पूर्ण सुरू झाला तेव्हा मुंबई जवळ आली. पण मालवणला जायचे तर कुडाळला, दापोलीला जायचे तर खेडला आणि गुहागरला जायचे तर चिपळूणला उतरायचे, असे झाले. कुडाळ ते मालवण सुमारे ३० किलोमीटर, चिपळूण ते गुहागर ४५ च्या आसपास. त्यापुढे गावातली वाडी, आणि वाडीत उतरणारी पाखाडी वेगळीच. मध्ये खाडी असेल तर दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या फेरीबोटीची वेळ माहीत हवी. नाहीतर समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोठा वळसा पडतो.

एसटी आहे, मग अडचण काय?

आतल्या गावांच्या एसटी फेऱ्या पर्यटकासाठी आखलेल्या नाहीत, आणि तशा असाव्यात अशी अपेक्षाही नाही. सकाळची फेरी शाळा-कॉलेजच्या मुलांना तालुक्याला नेते, संध्याकाळची परत आणते. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघते. रात्रीच्या रेल्वेने सकाळी उतरलेल्या पाहुण्याला नेमके उलट दिशेने जायचे असते. त्यात शाळा बंद असताना, म्हणजे मे महिन्यात, अनेक ठिकाणी या फेऱ्या कमी होतात. गर्दीचा महिनाही तोच.

तरीही एसटी सोडून देण्यासारखी नाही. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना काहीच नाही. फक्त वेळ सांगताना यजमानाने मोबाइलवर शोधून सापडलेले वेळापत्रक पुढे पाठवू नये. वाहकाला विचारावे. स्थानकातली पाटी आणि वाहकाचा अनुभव यांत बरेच अंतर असते.

रिक्षावाला इतके पैसे का मागतो?

मीटरची सवय असलेल्या शहरी माणसाला इथे आपण लुटलो गेलो असे वाटते. पण ३० किलोमीटर सोडायला गेलेली रिक्षा ३० किलोमीटर रिकामी परत येते, आणि तो फेरा कोणाच्या तरी खिशातून जाणार. माझ्या मते रिक्षावाल्याचा हिशेब बहुधा चुकीचा नसतो. चुकीची असते ती भाडे कळण्याची वेळ. सामान आणि मुले घेऊन स्टेशनबाहेर उभे असताना आकडा ऐकला की पाहुणा नाही म्हणू शकत नाही, आणि मनातला राग यजमानाच्या दारापर्यंत घेऊन येतो. तोच आकडा आरक्षणाच्या वेळी सांगितला तर तो खर्चाचा एक भाग होतो.

रिकामा फेरा भरताही येतो. सकाळी एका घरातला पाहुणा निघतो, दुसऱ्या घरात येतो. वाडीतल्या चार यजमानांनी आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना विचारले तर एकच रिक्षा दोन्ही बाजूंनी भरलेली जाईल. मात्र आधी स्टेशनच्या थांब्यावरच्या रिक्षावाल्यांशी बोलून घ्यावे. तिथे रांग असते, नंबर असतो. बाहेरच्या रिक्षाने परस्पर भाडे उचलले की भांडण ठरलेले.

यजमानाने स्वतःच्या गाडीतून आणले तर?

प्रेमाने आणले तर प्रश्न नाही. पैसे घेतले तर आहे. खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही; त्यासाठी परवाना लागतो. दंडापेक्षा मोठी भीती अपघाताची. गाडी भाड्याने चालवली असे दिसले तर विमा कंपनी हात वर करू शकते. घाटातल्या एका वळणावर घर-बाग पणाला लावण्याइतके ते भाडे मोठे नसते. गावातल्या पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्याशी बोलून ठेवावे हे बरे. शेजारच्या गोव्यात परवानाधारक दुचाकी टॅक्सी, म्हणजे ‘पायलट’, कित्येक वर्षे आहेत. आपल्याकडे २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीचे धोरण मंजूर झाले, पण ते लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी. आचऱ्याला किंवा आंजर्ल्याला त्याचा उपयोग नाही.

सर्वात अवघड दिवस कोणता?

शेवटचा. खोली सकाळी दहाला सोडायची आणि मुंबईची रेल्वे रात्री. गाडीवाला सामान डिकीत टाकतो आणि वाटेत किल्ला, देऊळ, जेवण करत निघून जातो. गाडी नसलेल्याला डिकी नसते. मालवणजवळच्या एका गावात मी स्वतः असा एक दिवस देवळाच्या पायरीवर, दोन बॅगांवर नजर ठेवत काढला आहे. यजमान वाईट नव्हता. त्याच्या हे लक्षातच आले नव्हते.

पुढच्या खेपेला उतरलो त्या घरातल्या काकूंनी न विचारता सांगितले, ‘‘बॅगा पडवीत ठेवा, दुपारी जेवा, निघायच्या आधी मागल्या न्हाणीत आंघोळ करा. खोली मात्र मला झाडायला द्या.’’ त्यांना यासाठी एक पैसा जास्त पडला नाही. सकाळी सातला येणाऱ्यासाठीही असेच: खोली बारापर्यंत मिळाली नाही तरी चालते, पण गरम पाणी, चहा आणि टेकायला जागा हवी.

जेवणाचेही आधी बोलावे. गाडीवाला मासे खायला कुठेही जाईल. बिनगाडीचा तिन्ही त्रिकाळ तुमच्याच घरी जेवणार. सोमवार-गुरुवार कोण पाळते, कोणाला तिखट चालत नाही, हे सकाळी मासळी आणण्यापूर्वी कळले पाहिजे. आणि रोख रक्कम, रोजची औषधे सोबत आणा, हेही सांगावे. ऑनलाइन पैसे द्यायचे म्हटले तर भर माडात रेंज असेलच असे नाही.

एवढा खटाटोप यजमानाने का करावा?

मे आणि डिसेंबरमध्ये खोल्या गाडीवाल्यांनीच भरतात, मग हे कशाला, असे यजमान विचारतात. पण उरलेल्या महिन्यांचे काय? सुट्टीच्या तारखांना बांधलेला नसलेला पाहुणा म्हणजे निवृत्त माणूस, आणि तो बऱ्याचदा रेल्वे-एसटीनेच येतो. शिवाय गाडीवाला किराणा, पाण्याच्या बाटल्या, कधी कधी जेवणसुद्धा शहरातून आणतो. बिनगाडीच्या पाहुण्याचे पैसे रिक्षावाल्याकडे, होडीवाल्याकडे, कोपऱ्यावरच्या दुकानात आणि घरातल्या चुलीवर खर्च होतात. त्याच्यासाठी माड तोडून पार्किंगही करावे लागत नाही.

पर्यटन खात्याने होमस्टेची नोंदणी करताना जवळचे स्टेशन, त्याचे अंतर, एसटीचा थांबा आणि रिक्षाचे अंदाजे भाडे लिहिणे सक्तीचे करावे, असे माझे मत आहे. चार ओळींचे काम आहे. आणि जिथे संध्याकाळी सहानंतर पोहोचायची सोयच नाही, तिथे तसे स्पष्ट लिहावे. ‘स्टेशनपासून जवळ’ असे लिहून पाहुण्याला अंधारात फाट्यावर उभे करण्यापेक्षा एक आरक्षण गेलेले परवडले.

रात्री कोणी आजारी पडले तर?

हा प्रश्न पाहुणे विचारत नाहीत, यजमानाने स्वतःला विचारायचा असतो. गाडी असलेला माणूस निदान किल्ली शोधतो. नसलेला तुमच्या दारावर थाप मारतो. १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण तिला फोन लागायला हवा आणि वाडीपर्यंतचा रस्ता सांगता यायला हवा. त्या काकूंच्या ओटीवर, कॅलेंडरच्या शेजारी, एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत होते: दवाखान्याचा नंबर, रात्री फोन उचलणाऱ्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर, आणि खाली, ‘रेंज विहिरीजवळ मिळते’.