साथ आटोक्यात आली म्हणे. पण आली कुठून?

मित्रांनो, आज एक कबुली देतो आणि मग मुद्द्यावर येतो.

डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळायला लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत तीन-चार दिवसांत डोकं साफ. बाया, पोरं, कॉलेजातल्या मुली, कुणीच सुटलं नाही. तेव्हा ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द सगळीकडे फिरला. मीही तोच शब्द वापरून पोस्ट टाकली. लाइक भरपूर मिळाले.

दोन दिवसांनी तिकडच्या एका ताईंचा मेसेज आला. “दादा, व्हायरस कोणी तपासला? लेकीच्या सासरहून फोन आला, नातवाला इकडे पाठवत नाहीत.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोस्ट काढून टाकली, पण ती टोचणी अजून आहे. कारण माहीत नसताना मी नाव ठेवून मोकळा झालो होतो. आणि एकदा ‘व्हायरस’ म्हटलं की रोगी माणूसच रोगाचं कारण ठरतो. त्याला न्हावी दारात उभं करत नाही, सोयरीक मोडते.

पुढे काय झालं ते आठवा. आधी बुरशीचा संशय आला. मग पाण्याचा. तो चुकीचा होता असं नाही, तो सगळा खारपाण पट्टा, तिथल्या पाण्याबद्दल आणि किडनीच्या रुग्णांबद्दल आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. नंतर आयसीएमआरचं पथक आलं, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गेले. त्याच वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतःच्या खर्चानं या गावांत फिरले. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला, हे लोक खातात काय?

रेशनचा गहू. त्यांनी तो तपासून घेतला. त्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार गव्हात सेलेनियम किलोला १४.५२ मिलिग्रॅम निघालं, मर्यादा १.९. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं. सोबत झिंक कमी. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभरही नाही, त्याहून कितीतरी कमी. जास्त झालं की केस जातात, नखं जातात. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० च्या दशकात हेच घडलं होतं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे हेही शेतीतज्ज्ञांना जुनंच माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये शेगावकडच्या त्याच गावांत नखं गळायला लागली, तेव्हा हा धागा आणखी घट्ट वाटला.

आता विचार करा. ‘व्हायरस’ म्हणून आपण लोकांना वाळीत टाकलं असतं. ‘बुरशी’ म्हणून मलम वाटलं असतं. आणि संध्याकाळी ताटात पोळी त्याच गव्हाची. औषध चालू, विषही चालू!

कारण कळलं की उपचार कसा बदलतो हे बावस्करांच्याच आयुष्यात दिसतं. कोकणात लाल विंचू चावला की माणूस जायचा. आधी सगळं लक्ष वेदना थांबवण्यावर. मरण नेमकं कशानं येतं हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं. विष हृदयावर ताण आणतं, फुप्फुसात पाणी होतं. म्हणून प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा ४० च्या आसपास होतं ते एकावर आलं. मोठी मशीन नाही, मोठं हॉस्पिटल नाही. “कशानं?” हा प्रश्न सोडला नाही, एवढंच.

आता आपल्या गावाकडे या. मागच्या पावसाळ्यात आपल्याकडे काविळीची साथ आली. घराघरात सलाईन, मंत्राची माळ, उसाचा रस. मी पाण्याचा अहवाल मागायला गेलो तर उत्तर मिळालं, “साथ आटोक्यात आहे, बातमी मोठी करू नका.” अहो, आटोक्यात आली हे ठीक, पण आली कुठून? नळाची पाइपलाइन गटारातून गेलीय हे वॉर्डातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. ती हललेली नाही. म्हणजे पाऊस आला की कावीळ पण येणार, आणि आपण पुन्हा ‘हवामान बदललंय’ म्हणणार.

डॉक्टरांवर माझा राग नाही. ओपीडीत दोनशे माणसं उभी असताना ताप उतरवायचा की कारण शोधायचं? ते काम आरोग्य यंत्रणेचं. आणि तिला विचारत राहणं हे काम आपलं, आधी माझं.

म्हणून ठरवलंय. यापुढे साथीची बातमी लिहिताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय लिहिणार नाही. नमुने कशाकशाचे घेतले? ते कुठे पाठवले? अहवाल लोकांना कधी वाचायला मिळणार? अहवाल सरकारच्या मालकीचा असेल, पण रक्त लोकांचं आहे. तो ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे.

तुम्हीही विचारा. आपल्या वॉर्डातलं पाणी शेवटचं कधी तपासलं, एवढं तरी नगरसेवकाला विचारून खाली लिहा. उत्तर मिळालं नाही तर तेही लिहा. तीच बातमी आहे.