धड्याची मूळ फाइल
जबलपूरला 1942पासून दूरसंचाराचं प्रशिक्षण दिलं जातं. आज ते काम बीएसएनएलची भारतरत्न भीमराव आंबेडकर संस्था करते. टेलिफोन एक्स्चेंजमधलं कार्ड कुठल्या खाचेत बसतं, हे पडद्यावर दाखवलं आणि चुकीच्या खाचेवर क्लिक करताच कारणही सांगितलं, तर नवखा तंत्रज्ञ चटकन शिकतो. पण असे धडे रचायचं सॉफ्टवेअर घेताना झगमगाटाला भुलू नये. अशाच कामाच्या ऑथरवेअरचा विकास 2007मध्ये थांबला, फ्लॅश 2020अखेर बंद पडलं. फ्लॅशमधले धडे आजच्या ब्राउझरमध्ये थेट उघडतच नाहीत. त्याऐवजी मुक्त-स्रोत साधनं सुचवली, की ती ओबडधोबड असतात, हा आक्षेप ठरलेला. असतील! मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने साधे व्हिडिओ केले, निवेदनाची संहिता मात्र वेगळी जपली, म्हणून तेच धडे मराठीतही आणता आले. तेव्हा धडे करून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने मूळ फाइल आणि संहिता मागून घ्यावीच.