सहा महिने म्हणजे किती लिटर?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही जरा तावातावाने. विषय ऐकून निम्मे नातेवाईक इथूनच परत फिरतील, कारण विषय आहे फिशटँकच्या फिल्टरमधलं रेझिन. पण वारूळवाडीच्या घरी मागच्या दिवाळीत दोन गोल्डफिश मेले. चिमी दोन दिवस नीट जेवली नाही, आणि त्यात माझाही हात होता. तेव्हा वाचाच.

झालं असं. पुतणीला वाढदिवसाला टाकी मीच घेऊन दिली. दोन बाय एक बाय एक फूट, भरली की साधारण 50 लिटर पाणी. दुकानदाराने सोबत फिल्टरमध्ये ठेवायची एक जाळीची पिशवी दिली. आत सोनेरी साबुदाण्यासारखे मणी, म्हणजे रेझिन, आणि थोडे पांढरे खडे. "पाणी जड असेल तर हे घ्याच साहेब. सहा महिने बघायला नको." वेष्टनावरही तेच, सहा महिने. तसलीच पिशवी माझ्या पुण्याच्या टाकीत होती आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. म्हणून मीही मोठ्या तोऱ्यात दादाला फोनवर सांगितलं, "सहा महिने बघायला नको."

आता हे रेझिन करतं काय? ते पाणी गाळत नाही, देवाणघेवाण करतं. मण्यांच्या अंगावर सोडियम चिकटवलेलं असतं. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. जवळचं सोडियम संपलं की दुकान बंद. मणी तसेच सोनेरी दिसतात, पाणी त्यांच्यामधून तसंच वाहतं, पण होत काहीच नाही. यात नवल वाटण्यासारखंही काही नाही. इंग्लंडात 1850 च्या सुमारास थॉम्पसन आणि वे यांनी मातीतून अमोनियाचं खत ओतून पाहिलं, तेव्हा अमोनिया मातीत राहिला आणि खालून चुना बाहेर आला. आपली काळी जमीन खत धरून ठेवते ती याच गुणाने. पुढे 1935 मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी हा गुण बनावट रेझिनमध्ये आणला.

म्हणजे रेझिनला घड्याळ कळत नाही. त्याला कळतं फक्त किती कॅल्शियम आलं ते. इतकी साधी गोष्ट आहे, आणि तरीही आपण विचारतो, "किती दिवस टिकेल?" आणि विकणारा खुशाल महिने सांगतो.

हिशोब करून बघू. पाणी मऊ करणाऱ्या चांगल्या रेझिनची एका लिटरची पूर्ण क्षमता साधारण 100 ग्रॅम जडपणा धरण्याची असते (जडपणा कॅल्शियम कार्बोनेटमध्ये मोजतात, त्या हिशोबाने). व्यवहारात निम्मी मिळाली तरी पुष्कळ. आमच्या पिशवीत रेझिन पेलाभर, 200 मिलिलिटर. म्हणजे ती पकडणार फार तर 10 ग्रॅम. पुण्यात माझ्या नळाला खडकवासल्याचं पाणी. थेंब मोजायच्या किटवर जडपणा 3 अंश, म्हणजे लिटरला जेमतेम 50 मिलिग्रॅम. त्या पाण्यावर पिशवी 200 लिटर चालते. आठवड्याला 12 लिटर पाणी बदललं तर पहिली टाकी धरून तीन महिने सहज निघतात. सहा नव्हेत, पण तीन. आता वारूळवाडीची बोअर. तेच किट, 28 अंश. लिटरला 500 मिलिग्रॅम. दहा ग्रॅमची पिशवी 20 लिटरात खलास!

टाकी 50 लिटरची. पहिल्यांदा भरलेलं पाणीच निम्मंसुद्धा मऊ व्हायच्या आत "सहा महिन्यांची" पिशवी मेली होती. आणि आम्ही पुढचे दोन महिने तिला भक्तिभावाने धुवून परत ठेवत होतो.

(पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, जडपणाची पसंतीची मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे आमची बोअर पिण्यालाही अगदीच बाद नाही. वहिनीची डाळ शिजत नाही तो भाग वेगळा.)

यावर दुकानदार मंडळींचं नेहमीचं उत्तर ठरलेलं. गिऱ्हाइकाला एवढं कळत नाही हो, त्याला सोपं सांगावं लागतं. मला खरा राग येतो तो इथे. कोणाला कळत नाही? नारायणगाव-वारूळवाडीच्या टोमॅटोवाल्याला? जो माणूस ठिबकची तोटी घेताना तासाला दोन लिटरची की चार लिटरची हे विचारतो, औषध पंपाला किती मिली ते तोंडपाठ सांगतो, आणि तोट्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला की नळ्यांना ॲसिड कधी सोडायचं हे ओळखतो, त्याला म्हणे लिटर कळत नाहीत! जड पाणी म्हणजे काय ते त्याच्याइतकं पुण्यातल्या एकाही दुकानदाराला कळत नसेल. खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी अवकाशातल्या लहरी मोजत बसल्यात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर एका पेल्याची मोजणी करून द्यायला आपण तयार नाही.

घरगुती गॅसच्या सिलिंडरवर 14.2 किलो छापलेलं असतं. तिथे "दोन महिने" छापलं असतं तर चाललं असतं का? दोघांच्या घरात तीन महिने जातो, आमच्याकडे पाहुणे आले की महिन्यात संपतो. रेझिनच्या पिशवीवर "10 ग्रॅम जडपणा" एवढंच छापा. भागाकार आमचा आम्ही करू.

बरं, पिशवी संपल्याचं ओळखायचं कसं, यावरही काय एकेक सल्ले. एकाने सांगितलं, टीडीएस मीटर लावा. अहो, कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं तर विरघळलेल्या क्षारांची बेरीज तशीच राहणार! पिशवी ताजी असो की मेलेली, मीटरवर आकडा जवळपास तोच. दुसऱ्याने सांगितलं, मणी तपकिरी झाले की बदला. ते खरं आहे, पण वेगळ्या रेझिनचं. पाण्यातला पिवळेपणा, सेंद्रिय मळ ओढणारं एक रेझिन मिळतं, ते पांढऱ्याचं तपकिरी होतं आणि ब्लीचने पुन्हा उजळता येतं (नंतर क्लोरिन पूर्ण काढावा लागतो, नाहीतर मासे जातील). मऊ करणाऱ्या रेझिनला तसा रंग नाही आणि ब्लीच तर त्याचं शत्रूच. एकच खात्रीची रीत, जडपणाचं किट. थेंब टाका, मोजा.

आणि दुसरी थाप "फेकून नवी घ्या" ही. मणी मेलेले नसतात, उपाशी असतात. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम जाडं मीठ विरघळवायचं, ते अर्धा तास सावकाश मण्यांमधून जाऊ द्यायचं, मग साध्या पाण्याने चव जाईपर्यंत धुवायचं. रेझिन पुन्हा तयार. इमारतींच्या गच्चीवर पाणी मऊ करायची यंत्रं असतात, ती हेच करतात आणि त्यांतलं रेझिन दहा-दहा वर्षं जातं. मणी खरोखर खराब होतात ते क्लोरिनने, लोहाने, अंगावर शेवाळी चढल्याने किंवा वाळवून पुन्हा भिजवल्याने. म्हणजे एका भरणीचं आयुष्य वेगळं आणि मण्यांचं वेगळं. पहिलं आमच्याकडे एक दिवस, दुसरं कित्येक वर्षं. "सहा महिने" हा आकडा दोन्हीकडे खोटा. फक्त विकणाऱ्याला सोयीचा.

आता माशांचं. पिशवीतले पांढरे खडे होते झिओलाइट. ते माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया धरतात. नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू वसलेले नसतात, त्यामुळे दोन महिने खड्यांनी इमानाने काम केलं असणार. मग एका गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले. चिमीने दुकानात फोन केला. उत्तर आलं, मीठ टाका. उपाय तसा जुना आणि चुकीचा नाही. पण फिल्टरमधली पिशवी आधी काढा, हे कोणी सांगितलं नाही. मिठातलं सोडियम खड्यांवर चढलं आणि दोन महिन्यांचा साठलेला अमोनिया पाण्यात उतरला. त्यातून आमचं पाणी अल्कलीकडे झुकणारं, तिथे अमोनिया जास्तच विषारी. सकाळी दोघेही पृष्ठभागावर तोंड वासून होते. दुपारपर्यंत संपले. दादा म्हणाला, "मिठाने मेले." वहिनी म्हणाली, "मीच जास्त टाकलं असेल." तिला चार वेळा समजावलं तरी ती अजून तेच म्हणते.

आणि सगळ्यात वाईट काय, तर गोल्डफिशला मऊ पाणी लागतच नाही. ते लागतं ॲमेझॉनकडच्या माशांना, निऑन टेट्रा, डिस्कस वगैरे. गोल्डफिश, मॉली, गप्पी जड पाण्यात मजेत राहतात. डासांसाठी आपल्याकडे विहिरी-हौदांत गप्पी सोडतात, तिथे कोण रेझिन टाकायला जातं? माझा पहिला प्रश्न "हे रेझिन किती टिकेल" हा नव्हताच असायला हवा. "हे लागतं कशाला" हा हवा होता. तो मी विचारला नाही, कारण दुकानात मला जाणकार दिसायचं होतं. असो.

परवा त्याच दुकानात गेलो. भांडायला नाही, सहज. तसलीच पिशवी हातात घेऊन विचारलं, "ही किती लिटर चालेल?"

"सहा महिने, साहेब."

"लिटर विचारतोय मी."

तो जरा थांबला. वेष्टन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "तुमची टाकी केवढी आहे?" मी म्हटलं, टाकी नाही, पाणी केवढं जड आहे ते विचारा. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

वारूळवाडीच्या टाकीत आता साधा स्पंजचा फिल्टर आहे आणि शेजारच्या हौदातून आणलेले अकरा गप्पी. पांढरे खडे टाकून दिले, मणी मिठाने धुवून पुण्याला आणले. चिमीने बरणीवर चिठ्ठी लावून दिली होती: "ओलं ठेवणे. शून्य लिटर." आता दर रविवारी फोन करून विचारते, काका, किती झाले? काल 84 होते.