प्रतिकारशक्ती ‘वाढवा’ म्हणजे नेमकं काय वाढवा?

पावसाळा लागला की औषधाच्या दुकानात काउंटरवर ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या येऊन बसतात. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकं चांगलं, असं धरून तुम्ही त्या घेता. हे गृहीतकच चुकीचं आहे. उंदरांवरच्या प्रयोगांतही ते टिकलेलं नाही.

सर्दी-फ्लूसारखा विषाणू श्वसनमार्गात शिरला की बाधित पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात. शेजारच्या पेशींसाठी तो निरोप असतो: शत्रू आलाय, दारं लावून घ्या. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते शोधलं. मग हे ‘वाढवलं’ तर फायदाच, नाही का?

नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना सार्सच्या विषाणूची बाधा केली. विषाणू झपाट्याने वाढला, इंटरफेरॉन मात्र उशिरा आलं. तोवर उशीर झाला होता. फुप्फुसांत दाह करणाऱ्या पेशींची झुंबड उडाली आणि उंदीर दगावले. सुरुवातीलाच इंटरफेरॉन दिल्यावर ते वाचले. गंमत म्हणजे, ज्या उंदरांच्या पेशींना हा निरोप ऐकूच येत नव्हता, तेही वाचले! म्हणजे प्रश्न ‘किती’चा कमी आणि ‘केव्हा’चा जास्त होता.

माणसांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन दिलं गेलं. ते मिळालेल्या २०५० रुग्णांपैकी २४३ दगावले, न मिळालेल्या २०५० पैकी २१६. फायदा दिसला नाही.

‘प्राण्यांवर सिद्ध’ या शिक्क्यालाही भुलू नका. प्रयोगशाळेतल्या बहुतेक जातींच्या उंदरांत फ्लूला रोखणारं एमएक्स१ हे जनुक निकामी असतं. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे.

शुद्ध, मोजलेलं, नेमकं काम माहीत असलेलं औषधसुद्धा वेळ चुकली तर उपयोगी पडत नाही. मग बाटलीतला काढा तुमच्या शरीरात नेमकं काय, कुठे आणि केव्हा ‘वाढवतो’? विक्रेत्याला हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

त्याऐवजी फ्लूची लस घ्या. ती प्रतिकारशक्ती सरसकट वाढवत नाही, तिला शत्रूचा चेहरा आधीच दाखवून ठेवते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, पुरेशी झोप घ्या. हे जाहिरातीत दिसत नाही, कारण यात कुणाची बाटली खपत नाही.