सहकाराच्या हिशेबातील न मांडलेली रक्कम

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. बायकामुलांसह बिऱ्हाड पाठीशी बांधून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात. सहकारी साखर कारखाने कार्यक्षम आहेत की नाहीत, हा वाद शहरात मोठ्या हिरिरीने घातला जातो. त्या वादात या माणसांचा उल्लेख क्वचितच येतो, याचा आम्हांस खेद वाटतो.

सहकाराची थोरवी आम्ही नाकारीत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी उभारलेल्या कारखान्याने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यास मालक केले. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटते. म्हणून ऊस पिकविणाराच कारखान्याचा धनी असणे ही व्यवस्था न्यायाची तशीच शहाणपणाचीही होती. परंतु तिच्या मुळाशी कालव्याचे पाणी होते. जेथे पाणी नव्हते तेथेही केवळ राजकीय हौसेपोटी, सरकारी भांडवलाच्या व हमीच्या आधारे कारखाने निघाले. त्यांतील कित्येक कर्जात रुतले आणि अखेर खाजगी मालकांच्या हाती गेले. दोष सामुदायिक मालकीचा नव्हे. सभासदाचे भांडवल आणि सभासदाची देखरेख यांवाचून चालविलेल्या मालकीच्या सोंगाचा होय.

प्रादेशिक अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून दाखविला. केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा तीच व्यथा मांडली. विकास मंडळांची मुदत मात्र एप्रिल २०२० मध्ये संपली. दरम्यान मागास भागाचे श्रम पुढारलेल्या भागाच्या उसाला लागतच राहिले. नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. उचल मुकादमाकडून मिळते आणि तिच्या फेडीत हंगाम सरतो. ज्या सहकाराने सावकाराचा पाश तोडला, त्याच्याच फडात दुसरा पाश आवळला जावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

आमच्या मते कारखान्यांनी तोडणी कामगाराची नोंद स्वतः करावी, मजुरी थेट त्याच्या हाती द्यावी आणि स्त्रीचे श्रम वेगळे मोजावेत. मराठवाड्यात उसाचा हट्ट सोडून तूर, सोयाबीन, कापूस व दूध यांवर प्रक्रिया करणाऱ्या, खऱ्या सभासदांच्या संस्था उभ्या कराव्यात. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, तो धडा विसरण्याजोगा नाही. उताऱ्याच्या टक्केवारीत कार्यक्षमता अवश्य मोजावी. पण घाम गाळणाऱ्याचा वाटा वगळून केलेला हिशेब सहकाराचा म्हणता येणार नाही.